तीन यंत्रं, तीन आकडे: बाबांच्या डोळ्याचा दाब नेमका किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बाबांचं वय ५८. चष्म्याचा नंबर बदलायला गेले, तेव्हा संध्याकाळी दुकानातल्या हवेच्या यंत्राने उजव्या डोळ्याचा दाब २४ (मिलिमीटर पारा) दाखवला. आठ दिवसांनी सकाळी एका दवाखान्यात निळ्या दिव्याच्या यंत्राने तो १७ भरला. तिसऱ्या ठिकाणी पेनासारखं काहीतरी डोळ्याला टेकवून २० सांगितला आणि थेंब लिहून दिले. खरा आकडा कोणता, यंत्र कोणतं चांगलं आणि थेंब सुरू करायचे का, हे तुम्हाला हवं आहे.

नागपुरात सत्तावीस वर्षं मी काचबिंदूचे रुग्ण तपासते आहे. हा प्रश्न माझ्या ओपीडीत रोज येतो. कुणी सावनेरहून आलेलं असतं, कुणी उमरेडहून, हातात दोन-तीन कागद असतात आणि विचारणं एकच, "मॅडम, तिथं चोवीस सांगतलं अन् इथं सतरा, मंग खरं कोनतं?" तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात. ते कसं, हे नीट सांगायचं तर यंत्रं काय करतात तिथपासून सुरुवात करावी लागेल.

डोळ्याच्या पुढच्या भागात एक पाण्यासारखा द्रव सतत तयार होत असतो, मिनिटाला साधारण दोन ते तीन मायक्रोलिटर. तो बुबुळाच्या कडेला असलेल्या जाळीतून निचरा होऊन रक्तात जातो. तयार होणं आणि निचरा होणं यांचा तोल म्हणजे डोळ्याचा दाब. जाळी तुंबली की दाब वाढतो आणि मागच्या, मेंदूकडे जाणाऱ्या नसेला इजा होते. नसेच्या या इजेलाच काचबिंदू म्हणतात. हा दाब थेट मोजायचा तर डोळ्यात सुई घालून ती मापकाला जोडावी लागेल, आणि तपासणीसाठी ते कुणी करत नाही. म्हणून सगळी यंत्रं बाहेरून डोळा दाबतात आणि आतल्या दाबाचा अंदाज बांधतात. पंक्चरवाला सायकलचं टायर अंगठ्याने दाबून हवा किती आहे ते सांगतो, तसंच हे आहे. पण टायरचं रबर जाड असेल तर कमी हवेतही ते घट्ट लागतं, आणि झिजून पातळ झालं असेल तर भरलेलं टायरही मऊ वाटतं. ही जाड-पातळची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तीच महत्त्वाची आहे.

जुन्या लोकांना शिओट्झचं यंत्र आठवत असेल. नॉर्वेचे याल्मार शिओट्झ यांनी ते १९०५ मध्ये आणलं. रुग्णाला आडवं झोपवायचं, डोळा सुन्न करायचा, वजन लावलेली छोटी दांडी कॉर्नियावर ठेवायची (कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा काचेसारखा पारदर्शक पडदा) आणि दांडी किती खोल रुतली ते काट्यावर वाचून तक्त्यातून दाब काढायचा. वीज लागत नाही, किंमत कमी, त्यामुळे खेड्यापाड्यातल्या शिबिरांत त्याने अनेक वर्षं मोठं काम केलं. त्याचा दोष असा की दांडी रुतताना डोळ्याची पांढरी भिंत किती ताणली जाते यावर आकडा अवलंबून असतो. मोठा मायनस नंबर असलेल्यांचा डोळा लांबट आणि भिंत पातळ असते. तिथे दांडी सहज रुतते आणि दाब असतो त्यापेक्षा कमी दिसतो. काचबिंदूचा धोका मायनसवाल्यांना जास्त, आणि हे यंत्र नेमकं त्यांच्यातच चुकतं. म्हणून आज मी ते वापरत नाही.

आता निळा दिवा. हान्स गोल्डमन हे स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे नेत्रतज्ज्ञ. त्यांनी १९५० च्या दशकात केलेलं यंत्र आजही बाकी सगळ्यांना तपासण्याची फूटपट्टी मानलं जातं. डोळ्यात सुन्न करणारा थेंब आणि फ्लुरोसीन नावाचा रंग घालतात, मग निळ्या प्रकाशात एका छोट्या प्रिझमचं टोक कॉर्नियाला टेकवतात. तपासणाऱ्याला दोन हिरवी अर्धवर्तुळं दिसतात, एक वर, एक खाली. बाजूची चकती हळूहळू फिरवायची. दोन्ही अर्धवर्तुळांच्या आतल्या कडा एकमेकींना टेकल्या की थांबायचं आणि चकतीवरचा आकडा दहाने गुणायचा. त्या क्षणी कॉर्नियाचा बरोबर ३.०६ मिलिमीटर व्यासाचा गोल सपाट झालेला असतो.

३.०६ च का, याचं उत्तर मला विद्यार्थिदशेपासून फार आवडतं. कॉर्नियाचा ताठपणा प्रिझमला मागे ढकलत असतो, तर अश्रूंचा पातळ थर त्याला पुढे ओढत असतो. एवढ्या व्यासाला ही ढकल आणि ही ओढ जवळपास एकमेकींना काटतात आणि उरतो तो आतला दाब. शिवाय एवढ्या क्षेत्रफळावर एक ग्रॅमचं वजन म्हणजे दहा मिलिमीटर पारा, त्यामुळे हिशेबही सरळ होतो. पण हे काटणं कॉर्निया सुमारे ५०० ते ५२० मायक्रॉन, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर जाड आहे, असं धरून केलेलं आहे. सगळ्यांचा कॉर्निया तेवढाच जाड नसतो.

या यंत्रात हाताचं कसब फार लागतं. रंग जास्त पडला तर कडा जाड दिसतात आणि दाब जास्त येतो. रंग कमी पडला किंवा अश्रू सुकले तर कडा बारीक दिसतात आणि दाब कमी येतो. आपल्या मे महिन्यात रुग्ण उन्हातून येऊन एसीत तासभर बसलेला असतो, डोळे कोरडे ठाक झालेले असतात. अशा वेळी मी दोन-तीनदा पापण्या मिटायला लावते, कडा नीट दिसल्या तरच आकडा लिहिते. बोटाने पापणी वर धरताना डोळ्यावर दाब पडला, रुग्णाने श्वास रोखला, शर्टाची वरची गुंडी घट्ट असली किंवा जाड माणूस हनुवटी टेकवायला ओढून वाकला, तरी आकडा दोन-चारने चढतो. दोन चांगल्या डॉक्टरांनी एकाच डोळ्यावर पाठोपाठ मोजलं तरी दोन-तीनचा फरक पडू शकतो. तुमच्या बाबांच्या १७ आणि २० मधलं अंतर एवढ्यातच संपतं.

एक काळजी स्वच्छतेची. हे टोक एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात जातं. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे येण्याची साथ होती, तेव्हा आमच्याकडे प्रत्येक रुग्णानंतर टोक जंतुनाशकात ठेवून, धुऊन, कोरडं करूनच पुन्हा वापरत होतो. ज्याचा डोळा लाल आणि चिकट आहे त्याचा दाब तातडीचं कारण नसेल तर मोजूच नये. हे तुम्हीही बिनधास्त विचारा, "मॅडम, टोक साफ केलं का?" चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

आता जाडीकडे येऊ, कारण आपल्या भागासाठी हा खरा मुद्दा आहे. २००६ ते २००८ या काळात नागपूरजवळच्या खेड्यांत तीस वर्षांवरच्या ४७११ लोकांची डोळ्यांची तपासणी झाली. सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी या नावाने ती जगभर वाचली गेली. त्यात कॉर्नियाची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन भरली. युरोपीय वंशाच्या लोकांत ती साधारण ५४० च्या आसपास असते. म्हणजे आपल्या खेड्यातल्या माणसाचं टायर मुळातच जरा पातळ रबराचं आहे. "२१ पर्यंत नॉर्मल" ही रेघ युरोपीय लोकांच्या सरासरीवरून आखलेली आहे. पातळ कॉर्नियावर यंत्राने दाखवलेला १८ आत २० किंवा २१ असू शकतो.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक रुग्ण मी विसरू शकत नाही. काटोलकडची बाई, संत्र्याचा बगीचा सांभाळणारी. तीन वर्षं चष्म्यासाठी येत होती आणि दर वेळी मी दाब १५, १६ असं लिहून "नॉर्मल" म्हणून पाठवत होते. भावाचा एक डोळा गेलेला आहे हे तिने एकदा सहज सांगितलं, तेव्हा मी बाहुली मोठी करून नस नीट पाहिली. नस बरीचशी पोखरलेली होती. जाडी मोजली तर ४६८ मायक्रॉन. ती चूक माझी होती. त्यानंतर पहिल्या भेटीत जाडी मोजल्याशिवाय मी कुणाच्याही दाबावर मत देत नाही. जाडी मोजण्याच्या तपासणीला पॅकिमेट्री म्हणतात, दोन मिनिटांचं काम आहे आणि बहुतेकांना आयुष्यात एकदा केली तरी पुरते.

इथे एक सावधगिरी. जाडीवरून दाब "दुरुस्त" करणारी सूत्रं आहेत, काही यंत्रं ती आपोआप लावून दुसरा आकडाही छापतात. ही सूत्रं एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे मी बेरीज-वजाबाकी करत नाही. पातळ, मध्यम की जाड एवढं लिहिते आणि धोका तोलताना ते मनात धरते. लॅसिक (चष्मा घालवायची लेझर शस्त्रक्रिया) झालेल्यांना तर हात जोडून सांगते, प्रत्येक डोळ्याच्या डॉक्टरला शस्त्रक्रियेची माहिती द्या. लॅसिकमध्ये कॉर्निया घासून पातळ केलेला असतो, त्यामुळे नंतर कोणत्याही साध्या यंत्रावर दाब कमीच दिसतो. तिशीतल्या मुलाला १२ आकडा पाहून कुणी निश्चिंत केलं, तर त्याचा काचबिंदू वर्षानुवर्षं लपून राहू शकतो.

हवेचं यंत्र, ज्याला आम्ही एनसीटी म्हणतो, ते १९७२ मध्ये बर्नार्ड ग्रोलमन यांनी आणलं. हवेचा झोत कॉर्नियाला क्षणभर सपाट करतो, त्या क्षणी त्यावरून परावर्तित होणारा प्रकाश सर्वांत तीव्र होतो आणि यंत्र तेवढ्यावरून दाब काढतं. थेंब नको, स्पर्श नको, डॉक्टरही नको. गर्दीतून संशयित रुग्ण वेगळे काढायला हे फार कामाचं आहे आणि चष्म्याच्या दुकानाने ते वापरलं यात काही गैर नाही. तुमच्या बाबांना डॉक्टरकडे जायला त्यानेच लावलं. पण हे मोजणं काही हजारांश सेकंदांत संपतं आणि डोळ्याचा दाब तर नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर वर-खाली होतो. झोत ठोक्याच्या कोणत्या क्षणी लागला यावर आकडा फिरतो, म्हणून तीन झोतांची सरासरी घ्यायची असते. पहिल्या झोताला माणूस दचकतो आणि पापण्या आवळतो, त्याने दाब चढतो. जाड कॉर्नियावर आणि वरच्या दाबांत हे यंत्र जास्त दाखवण्याकडे झुकतं. एकाच झोतावर २४ छापून आला असेल तर मी त्याला "पुन्हा तपासा" एवढीच किंमत देईन.

पेनासारखं जे होतं ते बहुधा टोनोपेन. टोक जेमतेम एक मिलिमीटरचं, वर पातळ रबरी टोपी, जी दर रुग्णाला बदलायची. कॉर्नियावर डाग आहे, कॉर्निया बदललेला आहे, पृष्ठभाग खडबडीत आहे किंवा रुग्ण व्हीलचेअरवरून उठू शकत नाही, तेव्हा गोल्डमनची अर्धवर्तुळं नीट दिसत नाहीत किंवा रुग्णच यंत्रापर्यंत पोहोचत नाही. तिथे पेन उपयोगी. साध्या, स्वच्छ कॉर्नियावर गोल्डमन उपलब्ध असताना मी पेनावर औषधाचा निर्णय घेणार नाही. झोपलेल्या रुग्णासाठी आणि भूल दिलेल्या बाळासाठी गोल्डमनच्याच तत्त्वावरचं हातात धरायचं पर्किन्स यंत्र मला जास्त भरवशाचं वाटतं.

मुलांसाठी मात्र रिबाउंड यंत्राने माझं काम बदलून टाकलं. ही फिनलंडची कल्पना आहे. एक बारीकशी सळई कॉर्नियाला हलकेच टेकून उसळते, आत दाब जास्त असेल तर ती लवकर मागे फिरते. सहा वेळा टिकटिक होते, सुन्न करायचा थेंबही लागत नाही. गोल्डमनपेक्षा थोडं जास्त दाखवतं आणि जाडीचा परिणाम त्याच्यावरही होतोच, पण सात-आठ वर्षांचं मूल रडत नाही, हेच मोठं आहे. आपल्या विदर्भात याची गरज किती आहे ते सांगते. उन्हाळा आणि धुळीने मुलांच्या डोळ्यांना खाज सुटते, डोळे लाल होतात, आई औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणते, आराम पडतो, मग दर उन्हाळ्यात तीच बाटली. काही मुलांत या थेंबांनी दाब तिशी-चाळिशीपर्यंत चढतो. मूल तक्रार करत नाही, कारण दुखत नाही. माझ्याकडे अशी मुलं आली आहेत ज्यांची एका डोळ्याची नजर खाज थांबवण्याच्या नादात गेली. खाजेसाठी थेंब चालू असलेल्या प्रत्येक मुलाचा दाब मोजला गेलाच पाहिजे, आणि स्टेरॉइडचे थेंब डॉक्टरने लिहिल्याशिवाय टाकूच नयेत.

विदर्भाची दुसरी गोष्ट सिकलसेल, म्हणजे रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. विटीदांडूची विटी किंवा चेंडू लागून डोळ्याच्या पुढच्या भागात रक्त साचलं आणि मुलाला सिकलसेल असेल, तर वाकड्या झालेल्या रक्तपेशी निचऱ्याच्या जाळीत अडकतात. अशा मुलाची नस थोड्या दाबानेही इजा पावते. इतरांत जो दाब आपण काही दिवस सहन होऊ देतो, तिथे चोवीस तास २४ वर राहिला तरी शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. म्हणून डोळ्याला मार लागलेल्या मुलाच्या घरी सिकलसेल आहे का, हे पहिल्याच मिनिटाला सांगा. आणि डोळा फुटल्याची शंका असेल तर कोणत्याही यंत्राने किंवा बोटाने तो दाबायचा नाही.

बोटाचा उल्लेख आलाच आहे तर सांगते, यंत्र नसताना बोटही उपयोगी पडतं. एक डोळा अचानक लाल, भयंकर डोकेदुखी, उलट्या, दिव्याभोवती रंगीत कडं, अशी व्यक्ती रात्री खेड्यातल्या आरोग्य केंद्रात येते आणि पित्त समजून तिला इंजेक्शन देऊन घरी पाठवलं जातं. तिला खाली पाहायला सांगून मिटलेल्या वरच्या पापणीवरून दोन्ही तर्जन्यांनी आळीपाळीने हलकं दाबून पाहावं आणि दुसऱ्या डोळ्याशी ताडून पाहावं. एक डोळा गोटीसारखा कडक लागला तर त्याच रात्री नागपूरला पाठवायचं. आकडा कळणार नाही, पण डोळा वाचेल.

याहून नवी यंत्रं आहेत. कॉर्नियाच्या गोलाईशी जुळणारं टोक असलेलं पास्कल, झोताने कॉर्निया आत जाताना आणि परत येताना त्याची लवचीकता मोजणारी यंत्रं. जाडीच्या अडचणीवर ती बऱ्याच अंशी मात करतात, लॅसिक झालेल्यांत खास उपयोगी आहेत. तुमच्या बाबांसाठी त्यांच्या मागे धावायची गरज मला वाटत नाही.

वेळेचं मात्र पाहायला हवं. निरोगी माणसाचाही दाब दिवसभरात दोन ते सहाने हलतो, काचबिंदूवाल्याचा दहाहूनही जास्त हलू शकतो. पुष्कळांचा पहाटे आणि आडवं झोपल्यावर सर्वांत जास्त असतो, म्हणजे दवाखाना बंद असतो तेव्हा. एका दमात लिटरभर पाणी पिऊन आलं तरी काही काळ चढतो. शीर्षासनात तर जवळपास दुप्पट होतो, म्हणून काचबिंदूच्या रुग्णांना मी ते सोडायला सांगते, बाकीचा योग करू द्या.

म्हणजे बाबांचे तीन आकडे तीन यंत्रांनी, तीन दिवशी, वेगवेगळ्या हातांनी मोजलेले आहेत. त्यांची तुलनाच होऊ शकत नाही. मी असं करेन: एकाच ठिकाणी गोल्डमनने वेगवेगळ्या दिवशी दोन-तीनदा दाब मोजायचा, त्यातला एक सकाळी लवकर. एकदा जाडी. एकदा गोनिओस्कोपी, म्हणजे आरशाच्या भिंगातून निचऱ्याचा कोन उघडा आहे का ते पाहणं, कारण बंद कोनाचा काचबिंदू आपल्याकडे कमी नाही. आणि बाहुली मोठी करून नस पाहणं, शंका आली तर फील्ड (नजरेच्या आवाक्याची तपासणी) आणि ओसीटी (नसेच्या थरांचं स्कॅन). मात्र कोन अरुंद असू शकतो, म्हणून बाहुली मोठी करणारा थेंब टाकण्यापूर्वी तो पाहिलेला असावा. खर्चाची अडचण असेल तर नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या नेत्रविभागात जा.

थेंबांबद्दल. नस आणि फील्ड ठीक असताना फक्त दाब जास्त असलेल्या लोकांवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. पाच वर्षांत थेंब घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला. थेंबांनी धोका निम्म्यावर आला, हे खरं. पण न घेणाऱ्यांतलेही दहापैकी नऊ जण ठीक राहिले. पातळ कॉर्नियावाल्यांना धोका स्पष्टपणे जास्त होता. म्हणून बाबांची जाडी ५५० असेल, नस निरोगी असेल आणि गोल्डमनवर १७-१८ च येत राहिला, तर मी थेंब न देता सहा महिन्यांनी बोलावेन. जाडी ४८० असेल किंवा नसेत खोलगटपणा दिसला, तर त्याच १७ वर मी थेंब सुरू करेन. घरात कुणाला काचबिंदू असेल तर तेही सांगा. आणि बाबांना तो निघालाच, तर तुमचं आणि तुमच्या भावंडांचं वय काहीही असो, तपासणी करून घ्या.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट स्पष्ट नाही, ती आधी पाहा. बाबांनी थेंब टाकायला सुरुवात केली आहे का? केली असेल तर मनाने बंद करू नका, पण पुढच्या तपासणीला बाटली सोबत न्या आणि कधी सुरू केले ते तारखेसह सांगा, कारण थेंबांखालचा दाब आणि थेंबांशिवायचा दाब डॉक्टर वेगळे धरतो. दम्याचा पंप, त्वचेचं मलम, गुडघ्यातलं इंजेक्शन, कुणी दिलेली पुडी, जे काही चालू आहे ते सगळं पिशवीत घाला, त्यातही स्टेरॉइड असू शकतं. आणि केस पेपरवर आकड्याशेजारी यंत्राचं नाव, वेळ आणि कॉर्नियाची जाडी लिहून मागा.